पर्यावरणाच्या विधेयकावर संसदेत चर्चा कशी होते? आपल्यासारख्यांना त्यात म्हणणे मांडता येते का?

येते. पण विधेयक समितीकडे गेले तरच, आणि तेही आधी लेखी. सभागृहात ते चर्चेला येईपर्यंत बहुतेक ठरून गेलेले असते.

मी कोकणातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात पर्यावरण शिक्षण शिकवते. मार्च २०२३ मध्ये वन (संवर्धन) सुधारणा विधेयक लोकसभेत मांडले गेले. ते पर्यावरणाच्या स्थायी समितीकडे जायला हवे होते. गेले दोन्ही सभागृहांच्या ३१ सदस्यांच्या संयुक्त समितीकडे. स्थायी समितीचे तेव्हाचे अध्यक्ष जयराम रमेश यांनी उघड हरकत घेतली, उपयोग झाला नाही. मे महिन्यात समितीने सूचना मागवल्या. मुदत १५ दिवस.

आमच्या गावची देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेले जंगल, देवस्थानच्या नावावर आहे. सातबाऱ्यावर 'वन' हा शब्द कुठेच नाही. नव्या मसुद्यात कायदा लागू होणार होता तो अधिसूचित किंवा सरकारी दप्तरी वन म्हणून नोंदलेल्या जमिनीला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या गोदावर्मन निकालाने शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल, त्यालाही संरक्षण दिले होते. ते जाणार, हे मला मसुदा वाचतानाच दिसले. सुट्टी होती, मुले आंबे काढायला गेलेली, तरी अकरावीची नऊजणं आली. शिंप्याची टेप घेऊन आम्ही सातवीण, किंजळ, बेहडा, सुरंगी यांचे छातीच्या उंचीवरचे घेर मोजले. चार दिवस लागले. मुलांनी नकाशा काढला, मी निवेदन लिहिले.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, हा अभ्यासक्रम नाही. प्रकल्पवह्या तपासा." कोऱ्या कागदावर वाघाचे चित्र चिकटवले की त्या वहीला गुण मिळतात, आणि जंगल मोजलेले चालत नाही! ज्याचे तास कमी भरतात त्याच्या गळ्यात हा विषय मारायचा, ही आपल्याकडची रीत. मला ती कधीच मान्य नव्हती.

जुलैत अहवाल आला. मसुद्यात एकही बदल नाही. २६ जुलैला मणिपूरवरच्या गदारोळात लोकसभेने आणि २ ऑगस्टला राज्यसभेने ते आवाजी मतदानाने मंजूर केले. कलमवार विचार म्हणजे कलमांचे क्रमांक पुकारायचे आणि 'होय' म्हणायचे, इतकेच उरले. प्राचार्यांनी विचारले, "काय मिळालं?" तेव्हा मला उत्तर सुचले नाही. आज सांगते: निवेदन समितीच्या दप्तराचा भाग होते. विरोधी सदस्यांची असहमतीची टिपणे अहवालाला जोडलेली आहेत. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन राज्यांना तूर्त १९९६ चीच व्याख्या पाळायला सांगितले. ते आमच्या निवेदनामुळे झाले असे मी म्हणत नाही. पण आम्ही चुकीचे बोललो नव्हतो.

तुम्ही लिहिणार असाल तर कलमाचा क्रमांक घालून, तिथे कोणते शब्द हवेत ते लिहा. नुसता निषेध कोणी वाचत नाही. समक्ष बोलायचे असेल तर पत्रात तसे वेगळे नमूद करा. समितीकडे पाठवलेला मजकूर गोपनीय धरला जातो, तो लगेच समाजमाध्यमांवर टाकू नका. आणि एक राहिलेच: प्रत्येक विधेयक समितीकडे जातेच असे नाही. अशासकीय विधेयकांवर, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेल्या विधेयकांवर, तर भिस्त ठेवूच नका. १९७० नंतर त्यातल्या एकाचाही कायदा झालेला नाही.

ती नऊ मुले आता पदवीला आहेत. अकरावीचा माझा पहिला तास हल्ली एखाद्या विधेयकाच्या मसुद्यावर असतो. वह्या दिवाळीनंतर.