रोजच्या चहाची किटली घेताना

हाताने घडवलेली सिरॅमिकची किटली घेताना रंगावर भाळू नका, आधी पाणी भरून ओतून बघा. ओतणं थांबवल्यावर तोटीखालून ओघळ येता कामा नये. तोटीचं टोक काठापेक्षा खाली असेल तर किटली पूर्ण भरायच्या आतच चहा सांडतो. झाकणाला बारीक भोक हवंच. हवा आत शिरली नाही तर धार अडखळते. कुंभारवेशीतली लाल मातीची भांडी सुरेखच, पण रोजच्या चहाला सुमारे १२०० अंश सेल्सिअसवर भाजलेलं, आतून ग्लेझ म्हणजे काचेसारखा गुळगुळीत थर दिलेलं स्टोनवेअर, म्हणजे टणक, पाणी न शोषणारं भांडं घ्या. आपला आल्याचा दुधाळ चहा मात्र पातेल्यातच उकळा; किटली गॅसवर ठेवलीत तर तडकेल. किटली गरम पाण्याने विसळून मग चहा गाळून ओता. तोटीच्या आत जाळी नसलेलीच बरी, तिथे साय अडकते.