हरितलवक: पेशीचा घरजावई

बारावीचा विद्यार्थी, जिंतूर: हरितलवक, म्हणजे पानाच्या पेशीतले अन्न बनवणारे हिरवे कण, पूर्वी स्वतंत्र जिवाणू होते म्हणतात. कशावरून?

एक अब्ज वर्षांहूनही आधी एका पेशीने सायनोबॅक्टेरिया, म्हणजे आपले नीलहरित शेवाळ, गिळले. ते पचले नाही. उन्हावर अन्न शिजवणारा पाहुणा पोटातच राहिला. खुणा अजून आहेत. हरितलवकाला स्वतःचा डीएनए आहे, रायबोसोम (प्रथिने बनवणारे कण) जिवाणूंच्या वळणाचे आहेत, भोवती दोन पापुद्रे आहेत. शिवाय पेशीला ते नव्याने घडवता येत नाही, जुन्याचेच दोन होतात. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मेरेश्कोव्स्कींनी १९०५ मध्ये हे मांडले, पण कुणी फारसे मनावर घेतले नाही. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांचा यावरचा १९६७ चा लेखही आधी अनेक नियतकालिकांनी परत पाठवला होता. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांची (मायटोकॉन्ड्रिया) गोष्ट अशीच, फक्त त्याहून जुनी.

शिक्षिका, लातूर: मग ते पानातून काढून बाटलीत वाढवता येईल?

नाही. सायनोबॅक्टेरियात काही हजार जनुके असतात, हरितलवकात उरली शंभर-सव्वाशे. काही हरवली, बरीच पेशीच्या केंद्रकात गेली. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को या एन्झाइमचा मोठा भाग हरितलवकाच्या जनुकावरून बनतो, लहान भाग केंद्रकाच्या जनुकावरून बाहेर बनून आत येतो. घरजावयाने सातबारा सासऱ्याच्या नावे करून टाकला. आता जाणार कुठे?

शेतकरी, औसा: सोयाबीनच्या गाठीतले रायझोबियमही असेच पेशीचे होतील का?

आज तरी हे नायट्रोजन स्थिर करणारे जिवाणू सालगडी आहेत. बियाण्यातून पुढच्या पिढीत जात नाहीत, दर हंगामाला मातीतून नव्याने येतात. म्हणून तर बीजप्रक्रिया करायची: आधी बुरशीनाशक, शेवटी रायझोबियम, आणि बी सावलीत सुकवायचे. पण अशक्य म्हणू नका. समुद्रातल्या एका एकपेशीय शैवालात नायट्रोजन स्थिर करणारा जिवाणू पेशीचाच भाग झाल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. नाव ठेवले नायट्रोप्लास्ट.

गृहिणी, अंबाजोगाई: गुलबक्षीच्या चट्टेरी फांदीचे बी लावले. काही रोपे पांढरीफटक उगवली आणि मेली. बी खराब होते का?

बी चांगलेच होते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांनी १९०९ मध्ये गुलबक्षीवरच हे दाखवले. तिच्यात हरितलवक आईकडूनच येतात, परागाचा त्यात वाटा नाही. चट्टेरी फांदीत चांगले आणि बिघडलेले असे दोन्ही असतात. ज्या बीजांडात फक्त बिघडलेले गेले, ते रोप बियातली शिदोरी संपेपर्यंतच जगते. सगळी हिरवी हवी असतील तर हिरव्या फांदीचे बी धरा. चट्ट्यांचीच हौस असेल तर चट्टेरी फांदीचे, जरा जास्त टाका.