‘डिस्क्लोज मी’ कुठे चुकलं?

लपलेली गोष्ट उघड करणं या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर या वेळी इतके प्रश्न आले की अख्खं सदर त्यांनाच देते आहे.

ऐरोलीहून एक वाचक: मॅडम, मी आयटीत आहे. नोकरी बदलताना एचआरला मेल केला, ‘प्लीज डिस्क्लोज मी द सॅलरी रेंज.’ मित्र हसला. ‘रिव्हील’ हवं होतं की ‘डायव्हल्ज’?

शब्द नंतर बदलू, आधी ते ‘मी’ तिथून हलवा. मराठीत ‘मला सांग’, ‘मला दाखव’ चालतं. इंग्रजीतही ‘टेल मी’, ‘शो मी’ चालतं. त्या जोरावर आपण बेधडक ‘एक्स्प्लेन मी’, ‘डिस्क्लोज मी’ करतो, आणि पाय घसरतो. टेल, शो, गिव्ह ही इंग्रजीची घरची क्रियापदं; माणूस त्यांना थेट चिकटतो. एक्स्प्लेन, रिव्हील, डिस्क्लोज, डायव्हल्ज ही लॅटिनकडून आलेली. त्यांना आधी माहिती लागते, माणूस मागून ‘टू’चं बोट धरून येतो: ‘डिस्क्लोज इट टू मी.’ ‘प्रॉमिस’सारखे लॅटिन पाहुणे हा शिरस्ता पाळत नाहीत, पण या चौघांपुरता तो पक्का धरा.

आता शब्द. ‘डिस्क्लोज’मधलं ‘क्लोज’ दिसतंच आहे. बंद होतं ते उघडलं. पण त्याला कायद्याचा, कर्तव्याचा वास आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठी सेबीचे २०१५चे नियम आहेत, त्यांच्या नावातच ‘डिस्क्लोजर’ आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५च्या कायद्यात कलम ८ सांगतं, कुठली माहिती ‘डिस्क्लोज’ करण्यातून सूट आहे. रुजू होताना तुम्ही न वाचता सही केलेला ‘नॉन-डिस्क्लोजर’ करारही त्याच घराण्यातला. म्हणजे तुमचा मेल एचआरला नोटिशीसारखा लागला असणार.

‘डायव्हल्ज’च्या पोटात ‘व्हल्गस’ आहे, म्हणजे सामान्य लोक. ‘व्हल्गर’चं मूळ तेच. चार लोकांत नेऊ नये ते नेणं, असा त्याचा कल. म्हणून तो बहुतेक नकाराबरोबरच भेटतो, ‘रिफ्यूज्ड टू डायव्हल्ज’. आणि ‘रिव्हील’मध्ये पडदा आहे. गडकरी रंगायतनला तिसरी घंटा होऊन पडदा सरकतो, तेव्हा प्रेक्षक ‘अरेच्चा’ म्हणतात ना, ते ‘रिव्हील’. पगाराच्या आकड्याला एवढं नाट्य कशाला? ‘कुड यू शेअर द सॅलरी रेंज?’ एवढं लिहा. ‘शेअर’ला मी एके काळी नाकं मुरडली आहेत, पण ऑफिसात आता तोच चालतो.

वाशीहून एक वाचक: सोनोग्राफी सेंटरमध्ये पाटी होती, ‘डिस्क्लोजर ऑफ सेक्स ऑफ द फीटस इज प्रोहिबिटेड’. साधं ‘टेलिंग’ का नाही?

‘टेलिंग’ला सरळ शब्द लागतात. ‘डिस्क्लोजर’ आडवळणानेही होतो. डॉक्टर नुसतं ‘पेढे आणा’ किंवा ‘बर्फी आणा’ म्हणाले तर काही सांगितलं का? नाही. कळलं का? पुरतं कळलं. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४च्या कायद्याचं कलम ५ त्याहून सावध आहे. त्यात ‘कम्युनिकेट’ हा शब्द आहे आणि पुढे जोडलं आहे: शब्दांनी, खुणांनी वा अन्य कोणत्याही रीतीने. मसुदा लिहिणाऱ्याला आपली माणसं चांगली ठाऊक होती.

कळव्याहून एक पालक: मुलीने निबंधात ‘द पेपर लीक्ड’ लिहिलं, मी ‘वॉज लीक्ड’ केलं. कोण बरोबर?

दोघीही. नळ गळतो तसा पेपर ‘लीक्ड’, करणारा कोण ते विचारलेलंच नाही. ‘वॉज लीक्ड’ म्हटलं की कुणीतरी हात घातला. मराठीत हेच ‘फुटला’ आणि ‘फोडला’. बातम्या पाहा: माणूस सापडेपर्यंत पेपर फुटलेला असतो, सापडला की फोडलेला.

घोडबंदर रोडवरून एक ज्येष्ठ वाचक: आमच्या सोसायटीच्या रंगकामाच्या खर्चात मला गडबड दिसते. सभासदांना इंग्रजीत पत्र लिहितो आहे. ‘आय वॉन्ट टू एक्स्पोज द कमिटी’ बरोबर ना? आणि खाली ‘व्हिसल-ब्लोअर’ अशी सही करू का?

काका, व्याकरण बरोबर, बाकी घोटाळा. ‘एक्स्पोज’ म्हणजे आपलं ‘बिंग फोडणं’, ‘पितळ उघडं पाडणं’. पितळच होतं, हे त्यात आधीच ठरलेलं असतं. तुम्हाला गडबड ‘दिसते’. अजून सिद्ध व्हायची आहे. तोवर शब्द ‘अलेज’, म्हणजे आरोप करणं, आणि खरं तर तोही दुसऱ्या पत्रासाठी ठेवा. पहिल्या पत्रात ‘इन्स्पेक्ट’ लिहा. १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याने सभासदाला शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं संस्थेच्या कार्यालयात विनामूल्य पाहता येतात. ती पाहा, आकडे उतरवून घ्या, मग ‘आय विश टू ब्रिंग टू युअर नोटिस’ म्हणून ते मांडा. आकडे बोलले तर ‘एक्स्पोज’ वाचणारे स्वतःच म्हणतील. (शेवटी तिरकी रेघ असलेला ‘एक्स्पोझे’ वेगळा: ते नाम आहे, आपला ‘गौप्यस्फोट’.)

‘व्हिसल-ब्लोअर’, म्हणजे आतला गैरकारभार उघड करणारा, ही पदवी स्वतःला लावू नये, लोकांनी लावावी. या शब्दाला आधी चहाडखोरीचा रंग होता. अमेरिकेत १९७०च्या दशकात ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राल्फ नेडर यांनी तो मानाने वापरला आणि पारडं फिरलं. आपल्या वर्तमानपत्रांनी त्याला ‘जागल्या’ म्हटलं, रात्री गावाची राखण करणारा. मला मुळापेक्षा भाषांतर सरस वाटतं. शिट्टी काय, क्षणभर वाजते. जागल्याला रात्रभर जागावं लागतं.

ठाणे कोर्टातली एक ज्युनियर वकील: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ११मध्ये ‘डिस्कव्हरी’ म्हणजे समोरच्याने कागद दाखवणं. ‘डिस्कव्हर’ म्हणजे शोधणं ना?

आज हो. पण शब्द फोडून बघा: कव्हर काढणं. शेक्सपिअरच्या काळी ‘डिस्कव्हर’ म्हणजे ‘दुसऱ्याला उघड करून सांगणं’ असंही होतं. बोलीतून तो अर्थ गेला, कोर्टात राहिला आणि तिथून १९०८च्या आपल्या संहितेत आला. इंग्लंडने १९९९मध्ये लागू झालेल्या नव्या नियमांत तो काढून ‘डिस्क्लोजर’ केला. आपण २०१५च्या व्यापारी न्यायालय कायद्याने व्यापारी दाव्यांसाठी ऑर्डर ११ नव्याने लिहिली, तेव्हा मथळ्यात दोन्ही ठेवले. जुनी वस्तू टाकायची नाही हे आपल्या माळ्यांवरूनही दिसतंच.

नौपाड्यातून एक वाचक: ‘स्पिल द बीन्स’मधल्या शेंगा कुठून आल्या?

शेंगा नव्हे, दाणे. ग्रीक लोक दाणे टाकून मतदान करत आणि भांडं लवंडलं की निकाल फुटे, ही गोष्ट सगळीकडे फिरते. ती मानू नका. हा वाक्प्रचार विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, अमेरिकेतला. ग्रीसपासून तिथपर्यंतच्या दोन हजार वर्षांत तो कुणाच्या तोंडी नाही. आपल्याकडे दाणा आणखी लहान. ज्याला गुपित पचत नाही त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.