रंगाला दाब कसा कळतो?

प्रश्न : विमानाच्या पंखावर क्षणाक्षणाला बदलणारा हवेचा दाब रंग लावून मोजतात, असं भाचा म्हणतो. रंगाला दाब कसा कळणार? – एक वाचक, ओझर, जि. नाशिक

उत्तर : भाचा थापा मारत नाहीये! फक्त हे बहुतेक वेळा तुमच्या डोक्यावरून जाणाऱ्या सुखोईवर नाही, विंड टनेलमधल्या (जोराचा वारा सोडून चाचणी घेतात त्या बोगद्यातल्या) मॉडेलवर करतात.

या रंगातले रेणू निळ्या किंवा अतिनील उजेडात तांबडे चमकतात आणि ऑक्सिजन ती चमक खातो. दाब वाढला की ऑक्सिजन जास्त, चमक मंद. कॅमेरा तेवढंच टिपतो. वारा बंद असतानाच्या फोटोशी तुलना केली की अख्ख्या पंखाचा नकाशा हाती.

पण वेगवान हवेत दाब सेकंदाला हजारो वेळा थरथरतो आणि साध्या थरात ऑक्सिजन मुरायलाच वेळ लागतो. म्हणून थर सच्छिद्र हवा. असा थर अ‍ॅनोडायझिंगने, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर विजेने ऑक्साइड चढवून, मिळतो. मी अंबडला त्याच्या टाक्यांवर अकरा वर्षं काढली. टाकीतून काढलेला अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा रंगात बुडवला की घटाघटा पितो, मग उकळत्या पाण्यात आम्ही छिद्रं बुजवायचो. दाब मोजायच्या मॉडेलवर ती उघडीच ठेवतात. रेणू छिद्रांच्या भिंतींना चिकटतात, हवा थेट भिडते आणि चमक सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाच्या आत बदलते.

एक मोठी खोट : पृष्ठभाग तापला तरी चमक उतरते. त्यामुळे तापमान वेगळं मोजून तेवढा फरक वजा करावा लागतो.