दिवाळीच्या सुट्टीत चिनार बघायचा तर मुक्काम श्रीनगरातच ठेवा

ताई, तुम्ही विचारलंय की दिवाळीच्या सुट्टीत आईबाबांना घेऊन काश्मीरला जायचंय, बाबांना पानगळीत लाल झालेली चिनारची झाडं बघायची फार वर्षांची इच्छा आहे, आणि टूरवाला म्हणतोय श्रीनगरला एक दिवस बास, बाकी गुलमर्ग सोनमर्ग पहलगाम करू. मी चार वेळा गेलोय, त्यातले तीनदा फक्त पानगळीसाठी, म्हणून अगदी कळकळीने सांगतो, हे उलटं करा. गुलमर्गला उभी असतात ती देवदार-पाईनची झाडं, ती बारा महिने हिरवीच, तिथे तुम्ही नोव्हेंबरात चिनारसाठी गेलात तर बर्फ नीट पडलेला नसतो आणि रंगही नसतो. चिनार खाली दरीत आहे, शहरात आहे, रस्त्याच्या कडेला, मशिदीच्या आवारात, कॉलेजात, सगळीकडे. तीन पूर्ण दिवस श्रीनगरला द्या.

तारखांचं आधी बघा कारण सगळं त्याच्यावर आहे. सफेदा (म्हणजे पॉपलर) आणि वीलोची झाडं ऑक्टोबरच्या मध्यालाच पिवळी व्हायला लागतात, चिनार मात्र निवांत असतो, तो ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात रंग धरतो आणि साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत टिकतो. २०२५ ला दिवाळी २०-२१ ऑक्टोबरलाच आली, त्या सुट्टीत गेलेल्यांना बरेचसे हिरवे-पिवळे चिनार मिळाले. २०२६ ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे भाऊबीज करून निघालात तरी रंग सापडेल, फक्त मग उशीर करू नका, कारण एक जोराचा पाऊस-वारा आला की दोन दिवसात झाडाची निम्मी पानं खाली येतात. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री कडक थंडी असं आठवडाभर चाललं की लाल चांगला चढतो, पिवळा रंग पानात आधीपासून असतोच, हिरवा गेला की तो दिसतो, पण लाल पान त्या दिवसांतच नव्याने तयार करतं, म्हणून दर वर्षी सारखा नसतो.

आता मुख्य गोष्ट, जी मला पहिल्या ट्रिपला कोणी सांगितली नाही. तेव्हा आमच्या टूरवाल्याने एका सकाळी तीन बागा उरकल्या, निशातला आम्ही नऊ वाजता पोचलो आणि अख्खी बाग सावलीत, थंडगार आणि करडी. आई म्हणाली एवढ्यासाठी आलो का. कारण साधं आहे, निशात दल लेकच्या पूर्व काठावर आहे आणि पाठीला लागूनच झबरवानचा डोंगर, त्यामुळे सकाळी ऊन तिथे पोचायलाच वेळ लागतो. तीच बाग दुपारी तीन ते पाच बघा. सूर्य लेकच्या बाजूने समोरून येतो, झाडं तोंडावर ऊन घेऊन उभी, मागे तपकिरी डोंगर. आसफ खानाने, म्हणजे नूरजहानच्या भावाने १६३३ च्या सुमारास बांधलेली ही बाग, बारा पायऱ्यांची म्हणजे बारा टप्प्यांची, वर वर चढत जाते. आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर दोन-तीन टप्पे चढून बसा, वरपर्यंत जायलाच पाहिजे असं काही नाही. नोव्हेंबरात साडेपाचच्या आसपास सूर्य जातो, म्हणून जेवण लवकर करून निघा.

आणि सकाळ नसीम बागेला द्या. ही हजरतबलजवळ, लेकच्या पश्चिमेला, काश्मीर विद्यापीठाच्या आवारात आहे, मुघल काळात लावलेले शेकडो चिनार, आणि सगळं सपाट, एकही पायरी नाही. साडेसात-आठला ऊन लेकवरून येतं आणि पानांच्या मागून आरपार जातं, तेव्हाच तो रंग पेटतो, उन्हाकडे पाठ करून बघितलं तर तेच पान साधं विटकरी दिसतं. गेटवर नम्रपणे विचारून आत जा, विद्यार्थ्यांची ये-जा असते. मी तिथे एक पान उचलून बघितलं होतं, माझ्या पंजापेक्षा मोठं, शिरांच्या कडेने अजून पिवळं आणि मधे गंजासारखं लाल, मागची बाजू फिकी, आणि देठ धरून फिरवलं तर वाळलेल्या पापडासारखा आवाज. जमिनीवर घोट्यापर्यंत असाच थर.

त्याच सकाळी दोन बायका खराट्याने पानं ओढून ढीग करत होत्या. ढीग पेटवतात आणि धूर यायला लागला की वरून पाण्याचे शिंतोडे मारतात, पूर्ण जळू देत नाहीत, त्याचा कोळसा होतो, तो हिवाळाभर कांगडीत घालायला. कांगडी म्हणजे वेताच्या टोपलीतलं मातीचं मडकं, फेरनच्या (लांब, सैल काश्मिरी झग्याच्या) आत धरून बसतात. आमच्या हाउसबोटवाल्या चाचांनी बाबांच्या हातात एक दिली, बाबा रात्री जेवताना पण सोडेनात. हल्ली धुरामुळे पानं जाळू नका असं सांगतात तरी कुठे कुठे दिसतं.

शालिमार बाग (जहांगीरची, १६१९) जास्त सपाट आहे, ती निशातच्या आधी दुपारी घ्या. चार चिनारला शिकाऱ्याने जायचं, बेट छोटं आहे, मला शिकाऱ्यातून लांबून बघायलाच जास्त आवडलं. चष्मेशाहीची बाग चिनारसाठी नको, तिथे चढण पण आहे.

तिसऱ्या दिवशी पांपोर. जम्मू रोडला, शहरापासून १५ किमीच्या आतबाहेर, केशराची फुलं नेमकी याच दिवसांत येतात, साधारण ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. जांभळी फुलं अगदी जमिनीलगत, सकाळी खुडतात, उन्हं वर आली की मजा जाते. शेतकऱ्याला विचारूनच बांधावरून आत पाय टाका.

आपल्याकडे पानगळ शिशिरात होते आणि रंग कुसुंबाच्या कोवळ्या पालवीला येतो, चैत्राच्या तोंडावर, इथे जाणाऱ्या पानाला येतो. बाबांना झाडांची आवड असेल तर त्यांना हे नक्की दाखवा.

बाकी दोन-तीन गोष्टी, सकाळी तापमान दोन-चार डिग्रीवर असतं, आईबाबांना थर्मल हवेतच. इकडचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, एक तरी पोस्टपेड घेऊन जा. आणि एप्रिल २०२५ च्या पहलगामच्या हल्ल्यानंतर बऱ्याच जागा बंद करून मग हळूहळू उघडल्या, त्यामुळे निघायच्या आठवड्यात काय उघडं आहे ते हॉटेलवाल्याला फोन करून विचारा. हॉटेल बघताना निशात रोडच्या ऐवजी हजरतबल किंवा निगीन लेकच्या बाजूला बघा, नसीम बागेला पहाटे चालत जाता येईल, आणि वाटेत कांदूरच्या (काश्मिरी रोटीवाल्याच्या) दुकानातून गरम गिरदा, म्हणजे तिथली गोल रोटी, घेऊन जा, आईबाबांना चिनारखाली बसून खाता येईल.