डीसीएसमध्ये (संगणकावर विमान उडवायच्या सिम्युलेटर गेममध्ये) सुरुवातीला एल-39 अल्बाट्रॉससारखं जुनं जेट ट्रेनर, म्हणजे वैमानिकांना शिकवायचं विमान घ्यावं, की थेट एफ-16 हे लढाऊ विमान?

ट्रेनर घ्या. खरं तर उत्तर इथेच संपतं, पण 'ट्रेनरवर पैसे का घालवायचे' हे तुम्ही ज्या सुरात विचारलंय, त्याच सुरात आमचे दाजी दोन वर्षं मला ऐकवतायत. त्यामुळे जरा लांबेल.

मी एल-39 घेतल्याचं कळलं तेव्हा ताईकडे भरल्या पंगतीत दाजी म्हणाले, "एल बोर्ड तर नावातच आहे की रे!" सगळे हसले. चेक भाषेत विमानाला 'लेतून' म्हणतात, त्यातला तो 'एल', पण हे ताटावर बसून कोणाला सांगणार? शिवाय दाजींना उलट बोलायची आमच्यात पद्धत नाही. मी आमटी वाढून घेतली.

पहिल्या संध्याकाळी माझी फजितीच झाली होती. आधी टर्बोचं बटण दाबायचं, म्हणजे सफीर नावाचं छोटं टर्बाइन फिरू लागतं. मग इंजिनचं बटण, मग थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा) आयडलला, म्हणजे सर्वात कमी जोरावर. एवढं जमलं. पण याचं पुढचं चाक वळवता येत नाही, ते मॉलमधल्या ट्रॉलीच्या चाकासारखं आपल्या मनाने फिरतं. वळायचं तर रडर (शेपटीची उभी पाती फिरवणारं पेडल) एका बाजूला दाबून स्टिकवरची ब्रेकची लिव्हर ओढायची, मग त्या बाजूचं चाक धरतं. माझ्याकडे पेडल नव्हते, जॉयस्टिक पिळूनच सगळं. पाऊण तास जॉर्जियातल्या बाटुमी विमानतळाच्या टॅक्सीवेवर (धावपट्टीकडे जायच्या रस्त्यावर) आणि त्याहून जास्त गवतात काढला.

तर भाऊबीज. ताईने ओवाळलं, जेवणं झाली आणि दाजी म्हणाले, "दाखव बघू तुझी सायकल." मी त्यांना हवेतच विमान दिलं, समुद्रावरून बाटुमीच्या 13 नंबरच्या धावपट्टीकडे. दाजी घरी एफ-16 उडवतात. त्यात संगणक सगळं सांभाळून घेतो, समोरच्या काचेवरचं चिन्ह धावपट्टीच्या टोकावर ठेवलं की अर्धं काम झालं. इथे तसलं काही नाही, सगळे काटेच. वेगाचा काटा 350 वर होता. "बाप रे, केवढा वेग!" म्हणत दाजींनी थ्रॉटल पार मागे ओढला. त्यांना काटा दीडशेवर आणायचा होता, एफ-16 मधल्या नॉट्सच्या सवयीने (एक नॉट म्हणजे ताशी साधारण 1.85 किलोमीटर). पण हा काटा किलोमीटरचा! दीडशेला हे विमान उडतच नाही.

दोनशेच्या खाली गेल्यावर नाक वर आणि विमान खाली असं सुरू झालं. दाजींनी थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला. काही नाही. मी मागे उभा राहून मनात मोजत होतो: एक, दोन, तीन... या एआय-25टीएल इंजिनाला आयडलवरून पूर्ण जोर यायला 9 ते 12 सेकंद लागतात. सातला आम्ही काळ्या समुद्रात.

"तुझी जॉयस्टिकची वायर ढिली आहे," दाजी म्हणाले. मी म्हटलं, "हो दाजी, बघतो."

ट्रेनर घ्यायचं ते या सात सेकंदांसाठी. उतरताना इंजिन आयडलला पडू द्यायचं नाही. फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) आणि एअरब्रेक (वारा अडवणाऱ्या झडपा) बाहेर काढून वेग मारायचा आणि खाली इंजिन फिरतं ठेवायचं. जोर लागणार हे दहा सेकंद आधी कळायला हवं. 1968 साली पहिल्यांदा उडालेलं हे विमान सोव्हिएत गटातल्या पोरांना हेच शिकवत होतं. आपल्या हवाई दलाने अल्बाट्रॉस घेतलं नाही, आपल्याकडे एचएएलचं किरण होतं. त्यात शिक्षक शेजारी बसतो, इथे मागे. डीसीएसमध्ये ती मागची सीटही नेटवरून दुसऱ्याला देता येते. कोणाला द्यायची ते मात्र नीट ठरवा.

एफ-16 वर आधी हात बसला की माणसाला वाटतं आपल्याला उडवता येतं. (तुमच्याबद्दल बोलत नाहीये.)

आता हेही सांगायला हवं. रडार, लांब पल्ल्याची मिसाइलं यांच्यासाठीच येत असाल तर यात तसलं काही नाही. एल-39 च्या झेडए प्रकारात पोटाखाली 23 मिमीची तोफ आहे, पण त्यासाठी कोणी हे घेऊ नये. आरएसबीएन ही सोव्हिएत नॅव्हिगेशन प्रणाली शिकायला माझे दोन रविवार गेले. आणि विकत घ्यायच्या आधी 14 दिवसांची फुकट ट्रायल मिळते, ती घ्या. हे पहिल्या ओळीतच सांगायला हवं होतं.

आणखी एक. काटा किलोमीटरमध्ये आहे हे मी दाजींना आधी सांगितलं नव्हतं, हे कबूल. त्यांनी विचारलंही नव्हतं.

यंदाच्या भाऊबीजेला ते येतायत. जॉयस्टिक नवी घेतली आहे, पावती टेबलावरच ठेवलीय.