अमेरिकेचा शब्द कशावर टिकतो? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

इस्रायल, अमेरिका आणि शांतता वाटाघाटी या विषयावर आलेल्या पत्रांतली काळजी साधारण एकच आहे. वॉशिंग्टनमधलं सरकार बदललं की मित्रदेशाविषयीचं धोरण बदलतं, मग आधी दिलेल्या शब्दाचं काय होतं? त्यांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : २००४ मध्ये धाकट्या बुश यांनी इस्रायलचे पंतप्रधान शेरॉन यांना सीमांबाबत लेखी आश्वासन दिलं होतं. ओबामा प्रशासनाने ते बाजूला ठेवलं. लेखी शब्द असा मोडता येतो का?

उत्तर : येतो. शब्द कोणत्या प्रकारच्या कागदावर आहे, यावर त्याचं आयुष्य ठरतं. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार आंतरराष्ट्रीय कराराला सिनेटमध्ये हजर सदस्यांची दोन तृतीयांश मतं लागतात. काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) केलेला कायदा बदलायचा तर पुन्हा काँग्रेसकडेच जावं लागतं. सामंजस्य करार त्याच्या खालचा, राष्ट्राध्यक्षांचं पत्र आणखी खालचं आणि तोंडी समजूत सगळ्यांत कच्ची. पत्र कितीही स्पष्ट असलं तरी पुढच्या राष्ट्राध्यक्षाला ते कायद्याने बांधत नाही.

१४ एप्रिल २००४ चं पत्र गाझातून माघार घेण्याच्या शेरॉन यांच्या योजनेला पाठबळ म्हणून आलं. त्यात दोन मोठी विधानं होती. १९६७ च्या युद्धात ताब्यात घेतलेल्या भूभागात मोठ्या इस्रायली वस्त्या उभ्या राहिल्या असल्यामुळे १९४९ च्या युद्धविराम रेषेवर पूर्णपणे परतण्याची अपेक्षा वास्तववादी नाही, हे पहिलं. पॅलेस्टिनी निर्वासितांचं पुनर्वसन इस्रायलमध्ये न करता भावी पॅलेस्टिनी राज्यात व्हावं, हे दुसरं. पण अंतिम सीमा दोन्ही पक्षांच्या संमतीनेच ठरेल, हेही त्याच पत्रात आहे. इस्रायलमध्ये पहिला भाग पाठ झाला, हा शेवटचा मागे पडला. पॅलेस्टिनींचा राग वेगळ्या कारणासाठी होता आणि तो रास्त होता : जे प्रश्न त्यांच्याशी बोलून सुटायचे, त्यांवर ते खोलीत नसताना मतप्रदर्शन झालं होतं.

पत्राच्या बाजूने जूनमध्ये सिनेटने ९५ विरुद्ध ३ आणि प्रतिनिधिगृहाने ४०७ विरुद्ध ९ मतांनी ठराव केले. आकडे भारदस्त आहेत, पण हे ठराव म्हणजे कायदा नव्हे. खरा घोळ वस्त्यांतल्या बांधकामाबाबत झाला. बांधकामाची रेषा दोघांनी मिळून आखायची, असं शेरॉन यांचे सहायक डोव्ह वाइसग्लास यांनी बुश यांच्या सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस यांना लिहिलं होतं. दोघांना मान्य होईल असा नकाशा मात्र तयार झालाच नाही. २००९ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी अशा तोंडी समजुतीची बंधनकारक नोंद नसल्याचं सांगितलं, तेव्हा इस्रायलकडे पुढे करायला सहीचा नकाशा नव्हता. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये नेतान्याहूंना नव्या बांधकामावर १० महिन्यांची स्थगिती जाहीर करावी लागली.

करारही अमर नसतो. तैवानशी १९५४ साली झालेल्या संरक्षण करारात एक वर्षाची नोटीस देऊन बाहेर पडण्याचं कलम होतं. कार्टर यांनी ते वापरलं आणि १९८० च्या सुरुवातीला करार संपला. काँग्रेसने १९७९ मध्ये केलेला तैवान संबंध कायदा मात्र आजही लागू आहे. इस्रायलबरोबर तर अमेरिकेचा परस्पर संरक्षणाचा करारच नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

प्रश्न : अमेरिका दबाव आणते म्हणजे नेमकं काय करते? मदत थांबवते का?

उत्तर : वार्षिक लष्करी मदतीला सहसा हात लागत नाही. २०१६ चा सामंजस्य करार २०१९ ते २०२८ या दहा आर्थिक वर्षांसाठी ३८ अब्ज डॉलरचा आहे : दरवर्षी ३.३ अब्ज शस्त्रखरेदीला आणि ५० कोटी क्षेपणास्त्र संरक्षणाला. ही रक्कम काँग्रेस दरवर्षी मंजूर करते आणि तिचा बहुतांश भाग अमेरिकेतल्याच कारखान्यांकडे जातो. ती तोडली तर पहिली ओरड अमेरिकेतूनच होते. त्यामुळे दाब दुसरीकडून येतो.

१९७५ चं उदाहरण सगळ्यांत बोलकं आहे. मार्चमध्ये इस्रायलच्या ताब्यातल्या इजिप्तच्या सिनाईबाबत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांची मध्यस्थी मितला आणि गिदी या खिंडी आणि अबू रुदेसची तेलक्षेत्रं यांवर अडली. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांना कडक पत्र लिहिलं आणि संबंधांचा ‘फेरविचार’ जाहीर केला. चालू पुरवठा तुटला नाही, नवे शस्त्रकरार अडले. २१ मे रोजी ७६ सिनेटरांनी इस्रायलच्या बाजूने फोर्ड यांना पत्र लिहिलं, म्हणजे दाब उलट्या दिशेनेही आला. सप्टेंबरमध्ये करार झाला. इस्रायलने खिंडींतून माघार घेतली आणि तेलक्षेत्रं सोडली. बदल्यात तेलपुरवठ्याची अमेरिकी हमी मिळाली आणि खिंडींजवळच्या टेहळणी केंद्रांवर जास्तीत जास्त २०० अमेरिकी नागरी तंत्रज्ञ बसवायचं ठरलं. हमी मोजता येणारी होती, म्हणून ती टिकली.

१९९१ मध्ये साधन होतं कर्जहमीचं. सोव्हिएत संघातून येणाऱ्या ज्यूंच्या वसाहतीसाठी इस्रायलला १० अब्ज डॉलरचं कर्ज उभारायचं होतं. हमी म्हणजे अनुदान नव्हे. अमेरिका जामीन राहिली की बाजारातलं व्याज उतरतं, इतकंच. शांतता परिषदेच्या प्रयत्नांना धक्का लागू नये म्हणून थोरल्या बुश यांनी काँग्रेसला निर्णय १२० दिवस पुढे ढकलायला सांगितलं. माद्रिदची ती अरब-इस्रायल परिषद ३० ऑक्टोबरला भरली, जून १९९२ मध्ये पंतप्रधान शमीर निवडणूक हरले आणि हमी राबिन यांच्या काळात मिळाली, तीही वस्त्यांवर होणारा खर्च वजा करण्याच्या अटीसह.

तिसरी जागा म्हणजे प्रत्यक्ष पाठवणी. मे २०२४ मध्ये गाझातल्या रफाहवरच्या कारवाईच्या वादात बायडेन यांनी २,००० पौंडी बॉम्बची खेप रोखली, ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये ती मोकळी केली. चौथी, सुरक्षा परिषदेतला नकाराधिकार. डिसेंबर २०१६ मध्ये ओबामा प्रशासन तटस्थ राहिलं आणि वस्त्यांविरुद्धचा ठराव २३३४ चौदा विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. सरकार बदललं की पुढचं धोरण बदलतं, पण संमत झालेला ठराव पुढचं सरकार एकट्याने मागे घेऊ शकत नाही. म्हणून आमच्या मते चारही साधनांत हेच सर्वांत दूरगामी आहे.

प्रश्न : ओबामांनी २०११ मध्ये १९६७ च्या सीमांचा उल्लेख केला. ते धोरणातलं वळण होतं का?

उत्तर : आशयात थोडं, मांडणीत मोठं. १९ मे च्या भाषणात १९६७ च्या रेषा (म्हणजे त्या युद्धाआधीची, १९४९ ची युद्धविराम रेषा) आणि परस्परसंमतीने जमिनीची अदलाबदल, हे दोन्ही एकत्र होतं. अदलाबदलीची कल्पना क्लिंटन यांच्या काळापासून चर्चेत होती. पण राष्ट्राध्यक्षांनी स्वतः ती वाटाघाटीचा पाया म्हणून जाहीर केली होती. दुसऱ्याच दिवशी व्हाइट हाऊसमध्ये ओबामांच्या शेजारी बसून नेतान्याहूंनी १९६७ च्या रेषा राखता येण्याजोग्या नाहीत असं सुनावलं.

प्रश्न : मित्राला बाहेर ठेवून अमेरिका त्याच्या शत्रूशी बोलली, तर मित्राने काय करावं?

उत्तर : सर्वांत आधी मसुद्यात स्वतःवर पडणारी कामं शोधावीत. २९ फेब्रुवारी २०२० च्या दोहा करारावर सह्या अमेरिका आणि तालिबानच्या. पण १० मार्चपर्यंत सोडायचे तालिबानचे ५,००० पर्यंत कैदी काबूल सरकारच्या तुरुंगात होते. सही न केलेल्याच्या गळ्यात जबाबदारी पडली. त्यात १४ महिन्यांत सैन्यमाघारीचं वेळापत्रकही ठरलेलं, त्यामुळे तालिबानला घाई राहिली नाही आणि काबूलकडे देवाणघेवाणीला काही उरलं नाही.

सायगावचा, म्हणजे दक्षिण व्हिएतनामचा, धडा याहून कडू आहे. व्हिएतनाम युद्ध थांबवणाऱ्या पॅरिस करारावर सही करावी म्हणून निक्सन यांनी तिथले राष्ट्राध्यक्ष थिएऊ यांना खासगी पत्रं लिहिली. उत्तर व्हिएतनामने करार मोडला तर अमेरिका पूर्ण ताकदीने उत्तर देईल, असं ५ जानेवारी १९७३ च्या पत्रात होतं. काँग्रेसला ही पत्रं दाखवलेली नव्हती. त्याच वर्षी काँग्रेसने १५ ऑगस्टपासून इंडोचीनमधल्या लढाईचा पैसा कायद्याने बंद केला. पत्रं जाहीर झाली, तो दिवस ३० एप्रिल १९७५, सायगाव पडलं त्याच दिवशी. ज्यांच्या हातात तिजोरी आहे त्यांच्यापासून लपवलेलं आश्वासन घेणं ही सर्वांत मोठी चूक असते, आणि तिची किंमत सही करणारे नेते नव्हे, तर तिथली माणसं मोजतात.

इस्रायलने १९७५ मध्ये हे जास्त सावधपणे केलं. पीएलओ (पॅलेस्टाइन मुक्ती संघटना) जोवर इस्रायलचं अस्तित्व आणि सुरक्षा परिषदेचे ठराव २४२ व ३३८ मान्य करत नाही, तोवर अमेरिका तिच्याशी वाटाघाटी करणार नाही, हे लिहून घेतलं. पुढे त्याला कायद्याचाही आधार मिळाला. डिसेंबर १९८८ मध्ये पीएलओचे नेते अराफात यांनी अटी मान्य केल्यावर रेगन प्रशासनाने संवाद सुरू केला. तो इस्रायलला आवडला नाही, पण अचानक झालेला नव्हता.

प्रश्न : बातमीत ‘अमेरिकेने हमी दिली’ असं आलं तर काय तपासावं?

उत्तर : आधी क्रियापद. १९५७ मध्ये सिनाई सोडताना इस्रायलला तिरानच्या सामुद्रधुनीबाबत (इस्रायलच्या दक्षिणेकडचा समुद्रमार्ग) अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांचं लेखी टिपण मिळालं होतं. त्यात अमेरिका स्वतः ये-जा करण्याचा हक्क बजावेल आणि इतरांबरोबर तो मान्य करून घेईल, असं होतं. बळाने मार्ग खुला करून देऊ, असं नव्हतं. मे १९६७ मध्ये इजिप्तच्या नासर यांनी मार्ग बंद केला तेव्हा जॉन्सन सागरी देशांचा ताफा जमवू लागले, फार थोडे पुढे आले आणि ५ जूनला युद्ध सुरू झालं.

मग पैसा : रक्कम कोणत्या वर्षाच्या तरतुदीत आहे, की फक्त जाहीर झाली आहे? मग अट : हमी कधी लागू होते आणि भंग झाला हे ठरवणार कोण? हे ठरवायचा अधिकार एकट्या व्हाइट हाऊसकडे असेल, तर तो पुढच्या रहिवाशाकडेही जाणार हे धरून चालावं. शेवटी मुदत. सध्याच्या ३८ अब्ज डॉलरच्या कराराचं शेवटचं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबर २०२८ ला संपतं आणि अमेरिकेची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ ला आहे. पुढच्या कराराची बोलणी या तारखांच्या किती आधी सुरू होतात आणि त्यात गाझा किंवा वस्त्यांविषयी कोणती अट येते, त्यावर नजर ठेवा.